कागदावरचं ‘बो.’

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातले केसपेपर पाहिले की वाटावं, बाईंना कुणीतरी मोजून अक्षरं दिली आहेत. पोट दुखत असेल तर ‘पो.’, डोकं असेल तर ‘डो.’, कंबर ‘कं.’ आणि गुडघे ‘गु.’. हे शेवटचं वाचून दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी फिसकन हसायचा आणि बाईंच्या तावडीत सापडायचा. "हसण्यासारखं काय आहे त्यात? स्वतःचे दुखायला लागले की कळेल," असं त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, आणि तो बिचारा पुढे महिनाभर गुडघेच तपासत बसायचा.

बाईंच्या प्रॅक्टिसला चौतीस वर्षं झाली होती. त्यातली पंचवीस वर्षं मेडिकल कॉलेज त्यांच्याकडे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पाठवत होतं, एका वेळी एक, महिनाभरासाठी. मोठ्या हॉस्पिटलात यकृत आणि मूत्रपिंडं भेटतात, अख्खा माणूस बघायचा असेल तर त्या दवाखान्यात जा, असं तिथले प्राध्यापकच सांगत. हे वाक्य फिरत फिरत बाईंच्या कानावर आलं होतं. आपण ते ऐकलेलंच नाही असा चेहरा करणं त्यांना उत्तम जमायचं.

पण बाईंची खरी कमाई म्हणजे एक अक्षर: ‘बो.’. ते त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं. प्रॅक्टिसच्या नवव्या वर्षी एक कारकून दर आठवड्याला डोकं धरून यायचा. गोळ्या बदलल्या, चष्मा बदलला, डोकं काही थांबेना. एकदा बाहेर कुणीच नव्हतं म्हणून बाईंनी त्याला बोलू दिलं, तर तो पाऊण तास वडिलांबद्दल बोलला आणि उठताना म्हणाला, डोकं उतरलं. बाईंनी त्याच्या कागदावरचं ‘डो.’ खोडलं आणि ‘बो.’ लिहिलं. म्हणजे बोलायला. या माणसाला औषध नकोय, बोलायला कुणीतरी हवंय.

तेव्हापासून अशा पेशंटच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात ‘बो.’ यायचं. कंपाउंडर ते कागद मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी लावायचा, म्हणजे बाईंना घाई नसेल. बाई पेन खाली ठेवायच्या, खुर्ची जरा मागे घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हं, आणखी काय?" त्यांचे हे शब्द कॉलेजात प्रसिद्ध होते. आता तर कॉलेज फॅमिली डॉक्टरकीवर एक पाठ्यपुस्तक काढत होतं आणि त्यातलं ऐकण्यावरचं प्रकरण बाईंनी लिहिलं होतं. त्या प्रकरणात एक गोष्ट होती. एका बाईचा नवरा जातो, कबुतरं मागे ठेवतो, बाई थकते, खोकते, आणि डॉक्टर तिला औषध न देता तीन वर्षं कबुतरांच्या गोष्टी सांगू देते. लिहून झाल्यावर बाईंना स्वतःलाच भरून आलं होतं. पुस्तक छापायला जाणार होतं.

गोष्टीतली बाई खरी होती. तिला सगळे काजमावशी म्हणत, कारण ती शिंप्यांसाठी शर्टांची काजं करायची, हातानं, एकेक टाका घालून. बाईंच्याच वयाची. पण सगळं जग मावशी म्हणतं म्हणून बाईही मावशीच म्हणायच्या. नवरा गेल्यावर काही महिन्यांनी ती पहिल्यांदा खोकत आली तेव्हा बाईंनी रीतसर सगळं केलं होतं. छाती तपासली, फोटो काढला, रक्त पाहिलं. काही निघालं नाही. दोन-तीन खेपांनंतर कोपऱ्यात ‘बो.’ आलं, आणि मग दर पंधरा दिवसांनी मंगळवारी मावशी शेवटची असायची.

त्या महिन्यात आलेली विद्यार्थिनी फार कमी बोलायची. कंपाउंडरनं तिसऱ्या दिवशी तिचं नाव मौनी ठेवून दिलं. त्यात तिचा दोष नव्हता. पहिल्याच दिवशी तिनं एका कागदावर बोट ठेवून "मॅडम, हे काय लिहिलंय?" असं विचारलं होतं आणि बाईंचा त्या दिवशी पारा चढलेला होता. "एक अक्षर आहे. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही तो माणूस काय वाचणार? आधी डोकं चालवा, मग विचारा." झालं. मुलीनं कानाला खडा लावला. ‘पो.’ म्हणजे पोट, ‘डो.’ म्हणजे डोकं, ‘कं.’ म्हणजे कंबर, हे तिनं आपलं आपण लावलं, आणि सगळं बरोबर निघालं.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी काजमावशी आली. पद्धत अशी होती की विद्यार्थ्यानं आधी आतल्या खोलीत पेशंट बघायचा, मग बाईंसमोर येऊन सांगायचं. मुलगी वीस मिनिटांनी बाहेर आली. हातात कागद होता.

"नाडी अठ्ठ्याऐंशी, रक्तदाब ठीक," ती म्हणाली. "खोकला कोरडा, जिना चढताना दम लागतो. आणि मॅडम, बो."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मग? भरपूर?"

"हो मॅडम. दहाही."

"दहाही काय?"

"बोटं."

बाईंना वाटलं, आपल्यालाही आता नवऱ्यासारखं कमी ऐकू यायला लागलं. मुलगी मात्र भराभरा सांगत होती, दोन आठवड्यांत बोलली नसेल इतकं एका दमात. दहाही बोटांची टोकं जाड झाली आहेत, नखं घड्याळाच्या काचेसारखी फुगली आहेत. मी त्यांना दोन नखं पाठीला पाठ लावून धरायला सांगितली, मधे फट दिसायला हवी, दिसत नाही. त्या म्हणाल्या, अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती टोपी, वर्षभर बोटात जातच नाही. म्हणून मी पाठीवर स्टेथोस्कोप लावला. खाली, दोन्ही बाजूंना, श्वास आत घेताना चरचर वाजतं, चिकटपट्टीची चप्पल उघडताना वाजतं तसं. आणि त्यांच्या गच्चीवर तीस कबुतरं आहेत मॅडम, खुराडं त्या स्वतः झाडतात. तीन वर्षं.

बोटांवर अशी खूण उमटली की फुप्फुसाकडे बघायचं, आणि पक्ष्यांच्या विष्ठेची, पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की काहींची फुप्फुसं आतून घट्ट होत जातात, हे बाईंना या मुलीच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. त्यांनी हे शिकवलंही होतं. त्या उठून आत गेल्या. मावशी टेबलावर पाय सोडून बसली होती. बाईंनी तिचे हात हातात घेतले. बघायला भिंग लागत नव्हतं. दारातून दिसलं असतं.

"काय हो बाई, ही मुलगी माझी बोटंच बघत बसली," मावशी हसून म्हणाली. "मी म्हटलं, अगं, काजं करून करून झालीत तशी. तुम्हाला सांगितलं होतं ना मी अंगुस्तानाचं?"

सांगितलं होतं. बाईंना तो मंगळवारसुद्धा आठवला. मावशी म्हणाली होती, म्हातारपणी माणसाचं सगळं आटतं, माझी बोटं तेवढी बाळसं धरतायत. आणि दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

त्यांनी छातीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. मावशीला म्हणाल्या, उद्याच जा, टाळू नका. मावशी गेल्यावर मुलगी दाराशी घुटमळली.

"मॅडम, एक बोलू? तुम्ही कोपऱ्यात लिहून ठेवलं नसतंत तर मी बोटांकडे बघितलंच नसतं. तीन वर्षं तुम्ही दर वेळी ‘बो.’ लिहिताय. म्हणजे किती बारीक नजर."

इथे बाईंनी तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण मुलीचे डोळे असे काही चमकत होते, आणि बाहेर कंपाउंडर दवाखान्याच्या खिडक्या लावत होता, आणि माणसाला खोटं बोलायला नेहमी तोंड उघडावंच लागतं असं नाही. बाई "हं" म्हणाल्या.

ते ‘हं’ आठवडाभरात कुठच्या कुठे गेलं. मुलीनं वसतिगृहात सांगितलं. मुलांनी प्राध्यापकांना सांगितलं. ज्यांच्याकडे मावशीला पाठवलं होतं ते छातीचे डॉक्टर बाईंचेच जुने विद्यार्थी, गुडघ्यांवरून हसलेल्यांपैकी एक. त्यांचा फोन आला.

"मॅडम, पक्ष्यांचंच आहे. स्कॅन केला. खालचा भाग बराच घट्ट झालाय. जे घट्ट झालं ते आता सुटायचं नाही, उरलेलं वाचवू. औषधं सुरू केलीत, कबुतरं घालवायला सांगितलंय." मग जरा थांबून ते म्हणाले, "दोन वर्षं तरी चाललं असणार हे. तुम्ही नोंद ठेवली होतीत म्हणे बोटांची. मग आधी का नाही पाठवलंत? म्हणजे, तुमचा काही विचार असेल."

विचार. बाईंनी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी दोन पेशंटना एकमेकांच्या चिठ्ठ्या दिल्या. कंपाउंडरनं नजरेला आणून दिलं, नाहीतर एका गृहस्थाला बाळाला पाजायच्या वेळा पाळाव्या लागल्या असत्या.

घरी बोलावं तर तिथेही अडचण. बाईंचा नवरा आयुष्यभर छापखान्यात काम करून कानानं अधू झालेला. कानातलं यंत्र त्याला टोचायचं म्हणून ते बहुतेक वेळ फळीवर असायचं. माणूस लाखाचा, पण त्याला काही सांगायचं तर शेजाऱ्यांना आधी कळायचं. संध्याकाळी तो खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होता. बाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडून चूक झाली."

"भूक? मग वाढून घेऊ."

"चूक," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "एका पेशंटच्या बाबतीत. मी चुकले."

"जरा मोठ्यानं बोल."

मग बाईंनी सांगितलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, जवळजवळ ओरडून. मी तिचं सगळं ऐकलं आणि काहीच ऐकलं नाही. ती कबुतरं म्हणाली, मला दुःख ऐकू आलं. ती बोटं म्हणाली, मला विनोद ऐकू आला. मी कोपऱ्यात ‘बो.’ लिहिलं आणि त्या दिवशी तिला तपासणं बंद केलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली. एवढ्या मोठ्या आवाजात स्वतःची चूक सांगायची वेळ आली की त्यातले सगळे आडपडदे आपोआप गळून पडतात. हळू आवाजात बाईंनी ‘पण’ आणि ‘तसं पाहिलं तर’ घातले असते. ओरडताना कोण घालतं?

नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आणि त्या मुलीला वाटतंय की तू बोटं असं लिहिलं होतंस."

"हो."

"मग तिला इतक्या मोठ्यानं सांगावं लागणार नाही," तो म्हणाला. "तिचे कान चांगले असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी बाईंनी मुलीला समोर बसवलं. रात्री त्यांनी दहा प्रकारे वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही कामी आलं नाही.

"तो ‘बो.’ बोटांचा नाही," त्या म्हणाल्या. "बोलायचा आहे. बोलायला येतात, दुखणं काही नाही, असा त्याचा अर्थ. मी बोटं कधी पाहिलीच नव्हती. तू चुकीचं वाचलंस."

मुलीचा चेहरा उतरला. बाईंना वाटलं, आता हिच्या मनातून आपण उतरलो, आणि ते त्यांना फार लागलं. पंचवीस वर्षं मुलं त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती नजर त्यांना हवी असायची. जेवणाइतकी हवी असायची. हे स्वतःशी कबूल करायला त्यांना ही सकाळ उजाडावी लागली.

"मला वाटलं, मी बरोबर वाचलं म्हणून सापडलं," मुलगी हळूच म्हणाली.

"तू बरोबर तपासलंस म्हणून सापडलं. वाचलंस चुकीचं. आणि विचारायला घाबरलीस, ते माझ्यामुळे. ‘बो.’चा अर्थ मी तुला पहिल्या दिवशी सांगितला असता तर तूही खुर्ची मागे घेऊन त्यांच्या कबुतरांच्या गोष्टी ऐकत बसली असतीस, आणि मी तुला शाबासकी दिली असती."

मग तिनं त्या महिन्यातला पहिला खरा प्रश्न विचारला.

"मॅडम, आणखी किती कागदांवर ‘बो.’ आहे?"

बाईंना हे सुचलंच नव्हतं. रात्रभर त्या स्वतःबद्दल विचार करत होत्या, मावशीबद्दल आणि पुस्तकाबद्दल. बाकीच्यांचा विचार या पोरीनं केला होता, एका प्रश्नात. त्यांनी कंपाउंडरला हाक मारली. तिघांनी मिळून कपाटाचे खण उपसले. कंपाउंडर कुरकुरत होता की एवढी वर्षं लावलेले कागद आज उधळताय, पण त्याचा हात सगळ्यांत वेगानं चालत होता. ‘बो.’ लिहिलेले आणि अजून येत होते असे त्रेचाळीस पेशंट निघाले. बाईंनी यादी केली. रोज तीन जणांना बोलवायचं, उघडं करून नखशिखांत तपासायचं, नव्यानं आल्यासारखं. आणि तपासणी झाल्यावर त्यांना बोलायचं असेल तर बोलू द्यायचं.

मग त्यांनी कॉलेजला फोन करून प्रकरण परत मागितलं. पुस्तकाचे संपादक म्हणाले, "मॅडम, सगळ्यांत सुंदर प्रकरण तेच आहे. मजकूर जुळवून झालाय. आता काय बदलायचं त्यात?"

"शेवट," बाई म्हणाल्या.

छातीच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मीही लिहितो मॅडम, माझ्या कागदांवर. तुमच्याकडूनच शिकलो." त्यांच्या कपाटाचं काय करायचं ते त्यांनी न विचारताच ठरवलेलं दिसलं.

राहिली काजमावशी. आणि बाकी सगळ्यांना सांगणं म्हणजे हिला सांगण्याची टाळाटाळ होती, हे बाईंना पुरतं कळत होतं. मुलीला सांगून झालं की चार पावलं चालून मोकळं होता येत होतं. इथे मोकळं व्हायला जागा नव्हती. समोरच्या बाईच्या छातीतली जागा कमी झाली होती आणि ती भरून निघणार नव्हती.

नेहमीप्रमाणे पंधरा दिवसांनी, मंगळवारी मावशी आली. बाईंनी तिला शेवटी ठेवलं नाही, पहिली घेतली. ती दारापासून खुर्चीपर्यंत येताना मधे एकदा थांबली, भिंतीला हात लावून. हे थांबणं नवं नव्हतं. आधी बाईंना ते भिंतीवरचं कॅलेंडर बघायला थांबल्यासारखं वाटायचं.

"कबुतरं दिली," बसता बसता मावशी म्हणाली. "यांच्या दोस्ताला दिली, तीन गावं पलीकडे. दोनदा परत आली. कशी येणार नाहीत, यांनी शिकवलेली. शेवटी खुराडंच मोडलं. मग येऊन गच्चीवर नुसती फिरली, आणि गेली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "चालायचंच. ही तुमची मुलगी मात्र हुशार हं. आणि तुम्ही आधीपासून लिहून ठेवलं होतंत, मला तिनं सांगितलं."

"तिला तसं वाटलं होतं. ते खरं नाही," बाई म्हणाल्या.

आणि सांगितलं. कागद तिच्यापुढे ठेवून, अक्षरावर बोट ठेवून सांगितलं. हे अक्षर मी लिहिलं म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही असं ठरवलं. नवरा गेला, एकट्या पडल्या, बोलायला येतात. तुम्ही मला दम लागतो म्हणालात, खुराडं झाडता म्हणालात, बोटांचं म्हणालात. सगळं सांगितलं होतंत. मी पाठीला स्टेथोस्कोप लावला नाही. दोन वर्षांपूर्वी लावला असता तर तुमची फुप्फुसं आजच्यापेक्षा चांगली राहिली असती.

मावशी कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता यायचं, पण त्या एका अक्षरावर ती फार वेळ अडकली.

"म्हणजे तीन वर्षं तुम्हाला वाटत होतं की मला बोलायला कुणी नाही?"

"हो."

"अहो, मला तुमच्याबद्दल तसं वाटायचं."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"तुमचे कंपाउंडर म्हणाले होते, साहेबांना ऐकू येत नाही," मावशी म्हणाली. "आणि तुम्ही दर वेळी खुर्ची मागे घेऊन बसायचात, आणखी काय, आणखी काय. मी म्हटलं, बिचारीला घरी बोलायला माणूस नाही, आपण बसावं घटकाभर. माझ्याकडे माणसं काय कमी आहेत? बहीण आहे, जावा आहेत, शिंपी दिवसभर डोकं खातात. काजं पडलेली असायची माझी. खोकल्याचं औषध घ्यायला यायचे मी, बाई. कबुतरांच्या गोष्टी तुमच्यासाठी आठवून आठवून आणायचे. संपल्या तेव्हा दोन-तीन तर मनानं रचल्या."

बाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, आणि यातलं कुठलं आधी आवरावं ते त्यांना समजेना. बाहेर कंपाउंडर कुणाला तरी बाकावर सरकून बसायला सांगत होता.

"राग आला असेल तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"आलाय," मावशी म्हणाली. "घरी गेले की आणखी येईल. जिन्यात तर रोज येईल." तिनं कागद बाईंच्या बाजूला सरकवला. "दुसऱ्या डॉक्टरकडे जायला बहीण सांगतेय. मी ठरवलं नाही अजून. आज आलेय तर तपासा. पण आज मी काही बोलणार नाही."

"नका बोलू," बाई म्हणाल्या.

मावशी आतल्या टेबलावर बसली आणि पाठ करून पदर बाजूला घेतला. बाईंनी स्टेथोस्कोपचं गार टोक तळहातावर चोळून ऊन केलं. वरून सुरुवात केली, मग मधे, मग खाली, आधी उजवीकडे, मग डावीकडे. खाली आल्यावर ते ऐकू आलं. प्रत्येक श्वासाच्या शेवटी, बारीक, कोरडं, चरचर. लपलेलं नव्हतंच ते कधी. त्यांनी टोक अर्धं बोट सरकवलं आणि पुन्हा ऐकलं. मुलगी दारात उभी होती. बाईंनी तिला आत यायची खूण केली, पण स्टेथोस्कोप तिच्या हातात दिला नाही.

बराच वेळ गेला. मावशीनं मान न वळवता विचारलं, "येतंय का ऐकू?"

"येतंय."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि बाईंनी सांगायच्या आत तिनं पुढचा श्वास घेतला.